घाट, गुडघे आणि गिअर

पुणे-नाशिक सडकेवरील आंबेगाव तालुक्यातल्या कळंबला दक्षिणेकडून सायकलने येणाऱ्यास खेडचा घाट चढावाच लागे. आणि १८८५ साली स्टार्लीने जवळपास समान चाकांची सायकल सिद्ध केली, १८८८ साली डनलॉपने तिला हवेचे टायर दिले, तरी एकाच गतीची ती जड गाडी घाटात तरुणालाही उतरून ढकलावी लागे, हे ध्यानी घेता उतारवयात सायकल सोडण्याचा प्रघात केवळ आळसातून उद्भवला नव्हता, हे कबूल करावे लागते. सोनीपतची अ‍ॅटलस (१९५१) काय किंवा लुधियानाची हिरो (१९५६) काय, ही वाहने दुधाच्या किटल्या आणि कचेरीच्या हजेरीसाठी; प्रकृतीसाठी रपेट करणे कोणाच्या गावीही नसे.

फ्रान्समधील सेंत-एतिएनचा रेशीम व्यापारी पॉल द विवी याने मात्र ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने बदलत्या गिअरचा हिरिरीने पुरस्कार केला. शर्यतवाल्यांनी त्या गिअरला दुर्बलांचे साधन म्हणून हिणवले. स्वतः तो मात्र सत्तरीपर्यंत लांबलांबच्या सफरी करीत राहिला आणि १९३० साली निवर्तला. साठीनंतर सुटलेले पोट आवरण्यासाठी घोड नदीच्या परिसरात गिअरची सायकल हाकणारा गृहस्थ नकळत त्याचाच ऋणाईत होय, आणि त्यापायी पेन्शनीतून गेलेली रक्कम निदान मी तरी उधळपट्टीच्या सदरी घालणार नाही.