एका कथेचे दोन कर्ते

जालना एमआयडीसीच्या हद्दीत पाऊल टाकले म्हणजे पहिल्याने जाणवते ती भट्ट्यांची धग. भंगार वितळवून लोखंडी सळया काढणारे कारखाने, बियाणांची गोदामे, आणि रात्रंदिवस येणाऱ्याजाणाऱ्या मालमोटारी, असा हा मुलूख. ‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण येथील लोक अजून अभिमानाने सांगतात, आणि सोन्याच्या जागी आता लोखंड आले इतकाच त्यात फरक करतात. अशा रोखठोक गावाच्या शेजाराला चेटकिणी, यक्ष, वेताळ आणि पिशाच्च ह्यांच्या जगप्रसिद्ध कथांचे माहेर असेल असे कोणाच्याही मनात येणार नाही. परंतु ते आहे. जालना जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते, आणि त्याच नदीच्या वरच्या अंगास पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, वसलेले आहे. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा निराळा होईपर्यंत ही दोन्ही स्थळे एकाच जिल्ह्यात मोडत होती. सातवाहनांच्या काळी तर हा सगळा एकच प्रदेश होता. जालना जिल्ह्यातील भोकरदन हे त्या काळचे भोगवर्धन होय. 1973 साली तेथे उत्खनन होऊन सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली, आणि सांचीच्या स्तूपास दान देणाऱ्यांत भोगवर्धनकरांचीही नावे कोरलेली आढळतात.

ह्या प्रतिष्ठान नगरीशी गुणाढ्याचे नाव जोडलेले आहे, आणि गुणाढ्याशी बृहत्कथेचे. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. ती पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत होती. दंडीने तिचा उल्लेख भूतभाषेतील ग्रंथ म्हणून केला आहे, आणि बाण, सुबंधु ह्यांच्यासारखे गद्यकवीही तिचे नाव आदराने घेतात. ती कशी रचली गेली ह्याची जी आख्यायिका काश्मीरच्या सोमदेवाने दिली आहे ती इतिहास नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. तथापि ग्रंथ कोणी लिहिला ह्या प्रश्नाला जुन्या लोकांनी काय उत्तर दिले ते तिच्यात स्पष्ट उमटले आहे. ते उत्तर असे, की ही कथा एकट्याची नाही. दोन मित्रांची आहे.

शंकराने पार्वतीस एकांतात एक अपूर्व कथा सांगितली. पुष्पदंत नावाच्या गणाने ती योगबळाने लपून ऐकली आणि घरी जाऊन आपल्या बायकोस सांगितली. बायकोच्या पोटात ती राहिली नाही. तिने ती पार्वतीपुढेच म्हटली. आपणांस शिळी कथा ऐकविली असे वाटून देवी कोपली आणि पुष्पदंतास मनुष्यलोकी जन्म घेण्याचा शाप झाला. तेव्हा माल्यवान नावाचा दुसरा गण मित्रासाठी रदबदली करावयास गेला, आणि त्यालाही तोच शाप मिळाला! पुढे उःशाप मिळाला तो मोठा मार्मिक आहे. विंध्याच्या अरण्यात काणभूति नावाचा एक पिशाच्च असेल. तोही मूळचा शापित यक्ष. पुष्पदंताने त्याला कथा सांगावी आणि मुक्त व्हावे. माल्यवानाने ती काणभूतीकडून ऐकून जगात प्रसिद्ध करावी आणि मुक्त व्हावे. म्हणजे एक मित्र सांगणारा, दुसरा लिहिणारा, आणि मध्ये निरोप्या म्हणून उभे एक भूत. दोघांपैकी एकानेही आपले काम टाकले असते तर दुसऱ्याची सुटका झाली नसती.

माल्यवान हाच गुणाढ्य होऊन जन्मला आणि सातवाहन राजाचा मंत्री झाला. एकदा राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असता एक राणी पाण्याच्या माऱ्याने दमून ‘मोदकैः’ असे म्हणाली. तिच्या मनात ‘मा उदकैः’ म्हणजे ‘पाण्याने नको’ असे होते. राजाने मोदक आणविले! राणी हसली, आणि राजाला आपल्या अज्ञानाची इतकी लाज वाटली की त्याने अंथरूण धरले. संस्कृत व्याकरण सहा वर्षांत शिकवितो असे गुणाढ्य म्हणाला. सहा महिन्यांत शिकवितो असे शर्ववर्मा म्हणाला. तसे घडले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी ह्या तिन्ही भाषा सोडीन अशी पैज गुणाढ्याने लावली, आणि तो हरला. शर्ववर्म्याचे कातंत्र व्याकरण प्रसिद्धच आहे. कोणत्याही शाळामास्तराला ह्या पैजेत सहा महिन्यांच्या बाजूने उभे राहावेसे वाटणार नाही, पण राजांना घाई असते.

तोंड मिटलेला गुणाढ्य विंध्यात गेला. तेथे उरलेली चौथी भाषा, पिशाच्चांची, त्याने उचलली. काणभूतीकडून कथा ऐकली. आणि अरण्यात शाई मिळेना म्हणून सात वर्षे आपल्या रक्ताने सात लक्ष श्लोक लिहिले. गुणदेव आणि नंदिदेव हे दोन शिष्य तो ग्रंथ घेऊन राजाकडे गेले. राजाने भाषा ऐकली, रक्ताची अक्षरे पाहिली, आणि धिक्कार करून ग्रंथ परत पाठविला. मग गुणाढ्याने अग्नी पेटवून एकेक पान रानातल्या पशुपक्ष्यांस वाचून दाखवावे आणि आगीत टाकावे असा क्रम मांडला. जनावरे चरणे विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. राजाच्या ताटात वाळलेले मांस येऊ लागले, राजा आजारी पडला, तेव्हा कारणाचा शोध लागला. राजा धावत आला तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरलेला एक लक्ष, म्हणजे नरवाहनदत्ताची कथा, शिष्यांना विशेष आवडत असे म्हणून मागे राहिला होता. राजाने तो घेतला, शिष्यांकडून भाषा समजून घेतली, आणि ग्रंथ कसा झाला हे सांगणारे कथापीठ त्याला जोडले. ज्याने ग्रंथ धिक्कारला त्याच्याच हातून ग्रंथाची प्रस्तावना झाली.

ह्या आख्यायिकेतील राजा आजही पुष्कळ घरांत नांदतो. मुलाच्या हाती भुताखेतांचे पुस्तक दिसले की ‘हे काय वाचतोस’ म्हणून ते काढून घेणारे वडील त्याच वंशातले. त्यांची भीती अगदीच निराधार नाही. डाकीण म्हणून एखाद्या दुबळ्या बाईला छळणारे लोक आपल्या समाजात होते आणि आहेत. महाराष्ट्राला 2013 साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला तो उगीच नव्हे. परंतु छळ करणारे लोक सोमदेव वाचून तो करीत नाहीत. उलट सोमदेवाच्या ग्रंथातील काळरात्रीची कथा पाहावी. काळरात्री ही कनोजच्या एका उपाध्यायाची बायको, आणि गुप्तपणे डाकिनी. सुंदरक नावाच्या शिष्याने तिला नकार दिला म्हणून तिने त्याच्यावरच खोटा आळ घेतला. मार खाऊन तो एका ओसाड गोठ्यात लपला, तो मध्यरात्री ती डाकिनींच्या मेळ्यासह तेथेच आली आणि मंत्र म्हणून अख्ख्या गोठ्यासकट आकाशमार्गे उज्जयिनीस जाऊन एका भाजीच्या मळ्यात उतरली! कोपऱ्यात दडलेल्या पोराने उड्डाणाचा मंत्र ऐकून पाठ केला. मात्र खाली उतरण्याचा मंत्र त्यास ठाऊक नव्हता. पुढची फजिती त्यातून निघते. ही कथा वाचून कोणी मूल भित्रे झाले तर नवल. हसून पुरेवाट व्हावयाची.

सोमदेवाने आपला कथासरित्सागर अकराव्या शतकात, काश्मीरच्या अनंत राजाची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनासाठी रचला. एकवीस हजारांहून अधिक श्लोक, अठरा लंबक. त्याच्या थोडे आधी क्षेमेंद्राने बृहत्कथामंजरी लिहिली होती, आणि नेपाळात बुधस्वामीचा बृहत्कथाश्लोकसंग्रह सापडला. जळालेल्या ग्रंथाला असे निरनिराळे वारस मिळाले. वेताळाच्या पंचवीस कथाही सोमदेवाने आपल्या ग्रंथात ओवल्या आहेत, आणि येथे मराठवाड्याच्या वाचकाने थोडे थांबावे. खांद्यावर प्रेत घेऊन चालणारा राजा आपण उज्जयिनीचा विक्रम समजतो. सोमदेवाच्या पाठात तो त्रिविक्रमसेन आहे, आणि त्याची राजधानी गोदातीरीचे प्रतिष्ठान होय. प्रेतातून बोलणारा तो चतुर वेताळ पहिल्याने पैठणच्या राजाच्या मानगुटीवर बसला होता!

छापखाना आल्यावर ह्या कथा देशी भाषांत उतरल्या, त्याही बहुधा जोडीने. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात 1805 च्या सुमारास बैताल पचीसी हिंदुस्थानीत सिद्ध झाली ती मजहर अली खाँ विला आणि लल्लूलाल ह्या एका मुसलमान व एका हिंदू मुनशीच्या हातून. मराठी सिंहासनबत्तिशी 1814 साली श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात मोडी अक्षरांत निघाली. कॅरीसाहेबांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. मजकूर ज्याचा, तो वैजनाथ पंडित मात्र अभ्यासकांपुरताच उरला. मुंबईस सदाशिव काशिनाथ छत्रे ह्यांनी 1830 साली वेताळपंचविशी मराठीत आणली. ते बापू छत्रे म्हणजे बाळमित्राचे आणि इसपनीतीचे कर्ते, मुलांच्या वाचनाची काळजी वाहणारे गृहस्थ. त्यांना वेताळ वर्ज्य वाटला नाही, ही गोष्ट वर सांगितलेल्या वडिलांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. मूळ कथासरित्सागर निर्णयसागराने 1889 साली छापला तो जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब ह्या दोघांनी शोधून. तेथे मात्र दोन्ही नावे शेजारी शेजारी आहेत.

मराठी घरांत अद्भुत कथेचा खरा पूर आणला तो ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ ह्या ग्रंथाने. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे संस्कृत पाठशाळेत वाढलेले पंडित, मेघदूताचे भाषांतरकार, व्याकरणावर निबंध लिहिणारे. त्यांनी इंग्रजीवरून ह्या गोष्टी मराठीत आणावयास घेतल्या, परंतु काम पुरे झाले नाही. 1878 साली ते वारले. पुढचे काम त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले ह्या दोघांनी मिळून केले. विष्णुशास्त्री म्हणजे निबंधमालेचे कर्ते. ज्यांच्या लेखणीला सरकार आणि मिशनरी दोघेही बिचकत, त्यांनी जिनांच्या आणि जादूगारांच्या गोष्टींवर वेळ खर्च केला, ह्याचे पुष्कळांस आश्चर्य वाटते. वाटू नये. त्यांचा स्वभावच जोडीने काम करण्याचा होता. वडिलांचा रासेलस त्यांनीच पुरा केला. काव्येतिहाससंग्रह 1878 साली काढला तो काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक ह्यांच्यासह. शाळा काढली तीही 1880 साली मित्रांना घेऊनच. मार्च 1882 मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले.

ग्रंथाचे नाव मात्र भाषेत असे मुरले की कोणी थाप मारली तर आपण आजही ‘सुरस आणि चमत्कारिक’ म्हणतो. हा ग्रंथ लोकांच्या तोंडी ‘चिपळूणकरांचा’ आहे. पितापुत्रांपैकी कोणता चिपळूणकर हेही बहुतेकांस सांगता येत नाही, आणि दामल्यांचे नाव तर निघतच नाही. अपुरी राहिलेली कथा उचलून पलीकडे नेणाऱ्याची अशी वाट लागते.

खुद्द अरबी गोष्टींच्या बाबतीतही हेच झाले आहे. युरोपात त्या प्रथम नेल्या आंत्वान गालाँ ह्या फ्रेंच पंडिताने, 1704 ते 1717 ह्या काळात, बारा भागांत. त्याच्याजवळची अरबी हस्तलिखिते मध्येच संपली. तेव्हा 1709 साली पॅरिसमध्ये त्याला हलबचा, म्हणजे अलेप्पोचा, हन्ना दियाब नावाचा एक तरुण भेटला. त्याने तोंडी गोष्टी सांगाव्या आणि गालाँने टिपणे करावी असे काही काळ चालले. अल्लाउद्दीन आणि त्याचा दिवा, अलीबाबा आणि चाळीस चोर, ह्या सर्वांत लाडक्या गोष्टी त्या तरुणाच्या तोंडच्या. गालाँने आपल्या रोजनिशीत त्याचे नाव लिहिले. छापील ग्रंथात लिहिले नाही. पुष्पदंताची आणि माल्यवानाची जी वाटणी, एकाने सांगावे आणि दुसऱ्याने लिहावे, तीच पॅरिसमध्ये झाली. फक्त उःशाप दोघांपैकी एकासच मिळाला.

दियाब पुढे हलबला परतला, कापडाच्या धंद्यात पडला, आणि म्हातारपणी 1760 नंतर त्याने आपल्या प्रवासाची हकीकत अरबीत लिहून ठेवली. ते हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात निनावी पडून होते. ते त्याचेच, हे 1993 साली ओळखले गेले. त्यात पॅरिसचे वर्णन आहे, राजवाड्याचे आहे, कडाक्याच्या थंडीचे आहे. हजार आणि एक रात्रींचे भाषांतर करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थास आपण काही गोष्टी पुरविल्या, ह्याला त्याने जेमतेम चार ओळी दिल्या आहेत.