टाळ्यांसकट

मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस भरतो तेव्हा चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगपेरुमलकोइल स्टेशनवर वारले. त्यांना मिरजेला आणून याच दर्ग्याच्या आवारात दफन केलं आणि पुढे उरुसातली संगीतसभा त्यांच्या स्मृतीची झाली. इथं गवई येतो तो हजेरी लावायला. समोर कानसेन असतात तसा नवस फेडायला आलेला माणूसही असतो आणि दोघांचंही गाण्यात लक्ष असतं.

कृष्णेच्या याच पट्ट्यात, सातारा जिल्ह्यातल्या औंधला, दुसरा उत्सव आहे. किन्हईत जन्मलेले आणि औंधच्या दरबारी असलेले पंडित अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, यांनी १९४० साली आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ तो सुरू केला. पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांनी तो चालवला आणि मग गजाननबुवांच्या शिष्यांनी. औंध संस्थानाने १९३९ साली प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना स्वीकारली, त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. राजाचा दिवाणखाना सोडून गाणं देवळाच्या मांडवात आलं ते असं.

लाइव्ह अल्बमची कुळकथा सांगताना लोक न्यूयॉर्क, लंडन, झालंच तर कॅलिफोर्निया गाठतात. मी मिरज-औंधपासून निघतो, कारण या अल्बमला आई आणि बाप दोन्ही लागतात. एक उत्सव आणि दुसरी चुंबकीय फीत. फीत परदेशातून आली. उत्सव आपल्याकडे कधीपासून होता! जालंधरचं हरिवल्लभ संमेलन तर १८७५ पासूनचं. पाश्चात्त्य संगीताच्या बाजारात आधी स्टुडिओतली रेकॉर्ड निघते, ती खपते आणि मग कलावंत ती वाजवून दाखवायला गावोगाव फिरतो. आपल्याकडे मूळ चीज मैफल, आणि तबकडी म्हणजे तिचा तीन मिनिटांचा मासला.

हा मासला कसा तयार होई, ते पाहण्यासारखं आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात आला आणि गायिका गौहरजानचा आवाज त्याने मेणाच्या तबकडीवर उतरवला. माइक नव्हता. गायकाने भोंग्याच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठ्याने गायचं; आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा, सुई मेणात रेघ कोरायची. दहा इंची तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटं मावत. चूक झाली की मेण वाया. गाणं संपता संपता गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत सांगे, कारण साचे जर्मनीत हॅनोव्हरला होत आणि तिथल्या कारागिराला कुणाची तबकडी कुणाची हे कळायला हवं. अब्दुल करीम खाँच्या पहिल्या तबकड्या याच भोंग्याच्या काळातल्या. आज ज्या आपण ऐकतो, त्यातली झिंझोटीतली ठुमरी तर घराघरांत गेली, त्या बहुतेक १९३० नंतरच्या, विजेच्या ध्वनिमुद्रणाच्या. तीन मिनिटांत त्यांनी काय साधलं याचं कौतुक आजवर पुष्कळ झालं आहे. माझं लक्ष मात्र राहून गेलेल्या भागाकडे जातं. दर्ग्यात तेच खाँसाहेब एका स्वरावर जितका वेळ रेंगाळत असतील तेवढ्यात एखादी तबकडी संपली असती.

भोंग्याला तंबोरा ऐकू येत नसे, ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते. पेटी, सारंगी, तबला कसेबसे पोचत. तंबोऱ्याचा मंद झंकार मेणापर्यंत जातच नसे. आणि तंबोरे घडत कुठं, तर मिरजेतच. पूर्वी हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरांनी मिरजेत तारांची वाद्यं घडवायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे कडू भोपळे वाळवून, कापून, वर तबली बसवून आणि घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवत जवारी काढून जे वाद्य तयार होई, ते हिंदुस्थानभर गेलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सांगायचा मुद्दा असा की पहिली वीस-पंचवीस वर्षं आपल्या तबकड्यांतून मिरज गायबच होती. माइक आल्यावर, १९२५ नंतर, ती हळूहळू परत आली.

यंत्राच्या कानाने गाणं तपासायची हौस या भागाला आधीपासून होती, हेही इथंच सांगतो. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचं गणित मांडलं. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१० साली निघालं. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे सनदी न्यायाधीश त्यांच्या नादाला लागले, दोघांनी साताऱ्यात फिलहार्मॉनिक सोसायटी काढली, श्रुतींची पेटी विलायतेत बनवून घेतली आणि स्वर तपासायला गळा घेतला तो अब्दुल करीम खाँचा. एका एका श्रुतीचा हिशेब कागदावर आला. अख्खी मैफल जपून ठेवायचं साधन मात्र तेव्हा कुणाहीपाशी नव्हतं.

म्हणूनच गेलेल्यांची यादी लांब आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली वारले, त्यांचा आवाज मागे उरला नाही. अल्लादियाखाँ साहेब १९४६ पर्यंत होते आणि त्यांनी तबकडी दिली नाही. बालगंधर्वांच्या तबकड्या भरपूर आहेत, पण नागठाण्याच्या या नारायणाला भर नाटकात मिळणारे वन्समोअर एकाही तबकडीत नाहीत. 'स्वयंवर' १९१६ साली रंगभूमीवर आलं. त्यातलं पद पहिल्यांदा एक, दुसऱ्यांदा दुसरं आणि तिसऱ्यांदा तिसरंच व्हायचं. प्रेक्षक मागे लागायचे म्हणून ते तसं व्हायचं. तबकडीला प्रेक्षक नाही. तिच्याकडे एकच पद.

दुसरं महायुद्ध संपलं आणि फीत जगभर पसरली. जर्मनीच्या ए.ई.जी. कंपनीने टेप-यंत्र १९३५ च्या बर्लिन प्रदर्शनात मांडलं होतं. युद्धानंतर ते अमेरिकेत पोचलं. पाठोपाठ १९४८ साली लाँग प्लेइंग तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटांची. मग उत्सवाचा अल्बम निघणं ओघानंच आलं. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाने १९५६ च्या जुलैत न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात धमाल उडवली आणि कोलंबिया कंपनीने त्याची तबकडी काढली. ती तुफान खपली. गंमत अशी की तिचा बराचसा भाग महोत्सवानंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतलेला होता आणि टाळ्या वरून चिकटवलेल्या होत्या. महोत्सवातलं खरं वादन १९९९ साली बाहेर आलं. म्हणजे या घराण्यात पहिल्या पिढीपासूनच भेसळ आहे.

रॉकवाल्यांनी हा प्रकार उचलला तेव्हा त्यांच्या मांडवात आपला माणूस बसलेला होता. जून १९६७ मध्ये माँटेरेच्या पॉप महोत्सवात रविवारच्या दुपारी रविशंकर अल्लारखाँना घेऊन दोन-तीन तास वाजवत होते. त्या वर्षाअखेर त्या वादनाची तबकडी बाजारात होती. प्रोग्रेसिव्ह रॉकचं आणि आपल्या रागाचं एक साम्य मला नेहमी जाणवतं: दोघांनाही तीन मिनिटं पुरत नाहीत, आणि दोघांनीही लाँग प्ले तबकडीची आख्खी बाजू एकाच रचनेला दिली. गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राने १९७३ च्या उन्हाळ्यात लंडनला स्टुडिओत एक अल्बम ध्वनिमुद्रित केला. वादकांचं आपसात बिनसलं, अल्बम कपाटात गेला आणि त्याच रचना न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात, महोत्सवात, ऑगस्टमध्ये वाजल्या त्या लाइव्ह अल्बम म्हणून निघाल्या. तीनच तुकडे, त्यातला एक एकवीस मिनिटांचा. स्टुडिओतलं मुद्रण १९९९ पर्यंत कुणी ऐकलं नाही. दोन्ही ऐकावेत, सेंट्रल पार्कातला धसमुसळा आहे, पण जिवंत आहे. मॅकलॉफ्लिनच्याच, झाकीर हुसेन आणि एल. शंकर यांच्याबरोबरच्या 'शक्ती'चा तर पहिला अल्बमच मैफलीतला, १९७५ च्या जुलैत लाँग आयलंडच्या एका कॉलेजात ध्वनिमुद्रित झालेला.

जाता जाता, सातारा जिल्ह्याचा या शाखेशीही धागा आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बल्सारा नावाचा मुलगा शिकला, तिथंच 'द हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. पुढे तो 'क्वीन' बँडचा फ्रेडी मर्क्युरी झाला. क्वीनच्या १९७९ च्या 'लाइव्ह किलर्स'मध्ये 'लव्ह ऑफ माय लाइफ' हे गाणं फ्रेडीपेक्षा समोरचे लोकच जास्त गातात आणि तो त्यांना गाऊ देतो. पाचगणीच्या कुठल्याही वर्गात हे शिकवलं जात नसणार.

आपल्याकडे फितीवर पहिल्यांदा मैफल धरली ती रेडिओने. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे गृहस्थ नभोवाणीमंत्री असताना १९५४ साली रेडिओ संगीत संमेलन सुरू झालं: निमंत्रित श्रोते समोर बसवायचे, गायकाला तास-दीड तास द्यायचा, ध्वनिमुद्रण करून देशभर ऐकवायचं. केसकरांनी पेटीवर आणि सिनेमाच्या गाण्यांवर जे निर्बंध चालवले त्यांची थट्टा अजून होते, आणि व्हावीही. पण संमेलनांच्या फिती राहिल्या हे श्रेय त्यांच्या काळाला द्यावंच लागतं. सांगलीला आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये आलं आणि कृष्णाकाठच्या गवयाला मुंबई-पुण्याला न जाता माइक मिळाला.

दुसरी फळी हौशी रसिकांची. या मंडळींवर कुणी पुस्तक लिहायला हवं. वजनदार स्पूल टेपरेकॉर्डर घेऊन मैफलीला जायचं, बुवांची परवानगी काढायची, माइक तबल्यापासून दूर आणि तंबोऱ्याच्या जवळ ठेवायचा. बाराशे फुटांची फीत सेकंदाला साडेसात इंच या वेगाने बत्तीस मिनिटं चालते. वेग निम्मा केला की चौसष्ट मिनिटं, पण आवाजाची झळाळी कमी. फीत महाग, म्हणून बरेच जण निम्म्या वेगावर जात. स्पूल संपला की बदलेपर्यंत जे गाऊन झालं ते गेलं. जुन्या खासगी ध्वनिमुद्रणांत बडा ख्याल रंगात आला की मध्येच खड्डा लागतो तो याचा. वीज नसेल तर बॅटरीवरचं यंत्र. बॅटरी उतरत गेली की मोटर मंदावे, आणि ती फीत नंतर बरोबर वेगाने लावली की बुवांची पट्टी चढत चाललेली! काळी एकचा माणूस शेवटी काळी दोनमध्ये गातोय असं वाटून कुणी त्यावर विद्वत्ताही पाजळलेली असेल.

मग फिलिप्सची कॅसेट आली. ती १९६३ ची, पण आपल्या गावांत तिचं राज्य सुरू झालं ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे बाजूला पंचेचाळीस, आणि त्यात विलंबित-द्रुतासह एक राग सुखाने बसतो. खासगी स्पूलांवरचं धन बाजारात यायला हीच लांबी कारण झाली. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने मैफलीतलं गाणं कॅसेटवर आणलं तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की तबकडीवरचा बुवा आणि बैठकीतला बुवा ही दोन माणसं आहेत. मोठ्या कंपन्या तोवर स्टुडिओच्या काचेतच रमल्या होत्या. स्टुडिओत बसून वाहवा कुणाची घ्यायची? समोर तंत्रज्ञ, तोही हातवारे करून वेळ संपली म्हणून सांगणार.

खरा लाइव्ह अल्बम कसा ओळखावा, यावर माझं मत सरळ आहे. तंबोरे जुळताना ऐकू आले पाहिजेत. १ ऑगस्ट १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं जुळवत होते, तेवढ्यावरच हजारोंनी टाळ्या वाजवल्या. जुळवणं इतकं आवडलं तर वाजवणं त्याहून आवडेल, अशा अर्थाचं काहीतरी रविशंकर मिश्कीलपणे म्हणाले. तो सगळा प्रकार अल्बमवर तसाच ठेवला आहे आणि त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. लोक हसतात ते अमेरिकन श्रोत्यांच्या अज्ञानाला. मला ते श्रोते फारसे चुकलेले वाटत नाहीत. तंबोरा नीट लागला की मिरजेतही मान डोलते.

आपल्या प्रकाशकांनी मात्र नेमकी हीच मिनिटं कापली. जुळवाजुळव, गायकाचं साथीदाराशी बोलणं, कुणाचा खोकला, चहाचे कप, मधूनच ओरडून केलेली भैरवीची फर्माईश, सगळं कात्रीखाली गेलं आणि सीडीच्या चौऱ्याहत्तर मिनिटांत बसेल असं गाणं उरलं. टाळ्या शेवटी ठेवल्या, त्याही हळूहळू विरत जाणाऱ्या. ज्यांच्या घरी मूळ स्पूल आहेत त्यांनी ते संगणकावर उतरवून घेताना सुरुवातीची ही दहा मिनिटं पुसू नयेत. जुन्या फितीवरचा लेप कुठे सुटतोय हे आधी तपासावं, वेग गावठी अंदाजाने न लावता पेटीच्या पट्टीशी जुळवून घ्यावा, आणि डबीवर गाव, साल आणि साथीला कोण होतं तेवढं लिहावं. रागाचं नाव नसलं तरी चालेल, ते ऐकून कळतं.