परमुलखातील वीज

बदलीनिमित्त म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात आमचे बिऱ्हाड थाटल्याला आता चार वर्षे होतील. मोहल्ला जुन्या बाजाराचा. पहाटे हातगाड्यांच्या आवाजाने जाग येते आणि रात्री उशिरापर्यंत रस्ता निजत नाही. घराची एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक आहे. माझ्या वडिलांनी पंचाहत्तरी ओलांडली असून त्यांना ऐकू कमी येऊ लागले आहे. संध्याकाळी जुने नाट्यसंगीत ऐकणे हा त्यांचा एकमेव शौक. त्यांना ऐकू जाईल इतका आवाज वाढविला की शेजाऱ्यांच्या मुलांचा अभ्यास बुडे, आणि कमी केला की वडील नुसते यंत्राकडे पाहत बसत.

ही अडचण ओळखून माझ्या चुलतभावाने अमेरिकेहून येताना एक हेडफोन व त्याचा प्रवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, आणून दिला. त्याच्या पिना चपट्या होत्या. मी बाजारातून चपट्या पिना गोल करून देणारे एक खटके आणले, यंत्र त्यात बसविले आणि बटण दाबले. मिनिटभर सुरेख स्वर उमटला. मग करपल्याचा वास आला व सारे शांत झाले. वडिलांनी हेडफोन उतरवून टेबलावर ठेवला. "असू दे," एवढेच ते म्हणाले. ते रागावले असते तर मला अधिक बरे वाटले असते.

चूक उघड होती. यंत्राच्या पाठीवर १२० व्होल्ट, ६० सायकल असे स्वच्छ छापलेले होते. आपल्या घरची वीज २३० व्होल्ट, ५० सायकलची. मी पिनेचा आकार बदलला होता, विजेचा दाब नव्हे. मोहल्ल्यातील दुरुस्ती करणाऱ्या वृद्ध कारागिराने यंत्र उघडले, जळके रोहित्र दाखविले आणि विचारले, "साहेब, पाठ वाचली नव्हती का?" कचेरीत दिवसभर कागदांच्या पाठी वाचणाऱ्या माणसाने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? परंतु त्या रात्री दुसराच प्रश्न मनात घोळू लागला. वीज जर सर्वत्र एकच, तर हे आकडे मुलखागणिक निराळे का? ते कोणी ठरविले?

शोध घेता कळले की या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आमच्याच दाराशी पडलेला होता. म्हैसूर संस्थानाने कावेरीच्या शिवसमुद्रम येथील धबधब्यावर वीजघर उभारले आणि १९०२ साली सुमारे ९० मैलांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पोहोचविली. दिवाण शेषाद्री अय्यर यांनी या योजनेचा पाठपुरावा केला होता. ती पूर्ण झालेली पाहण्यापूर्वीच, १९०१ साली, ते निवर्तले. योजना आखली ती जोली द लोतबिनिएर या लष्करी अभियंत्याने. पाणचक्क्या स्वित्झर्लंडच्या, विद्युत्‌यंत्रे अमेरिकेची. त्या विजेवर १९०५ साली बंगळूरचे आणि १९०८ साली म्हैसूरचे दिवे लागले. आणि ही वीज होती २५ सायकलची!

या आकड्याचे मूळ अमेरिकेत, नायगाऱ्याच्या धबधब्याशी आहे. १८९५ च्या सुमारास तेथे वीजघर उभे राहिले, तेव्हा सल्लागार अभियंत्याला याहून कमी आवर्तने हवी होती आणि यंत्रे बनविणाऱ्यांना अधिक. तडजोडीत २५ हा आकडा ठरला. मंदगती, अवजड यंत्रे चालविण्यास कमी आवर्तने सोयीची असतात. म्हणून खाणींच्या कामाला ती मानवली. दिव्यांना मात्र ती मानवत नाहीत. सेकंदाला २५ आवर्तनांच्या विजेवर बारीक तारेचा दिवा डोळ्यांना लुकलुकताना जाणवतो. म्हैसूरच्या नागरिकाने कोणता दिवा कसा लावावा हे अशा रीतीने कोलारच्या खाणीतील यंत्रांनी ठरविले, आणि त्या यंत्रांचे माप दूरच्या एका धबधब्यावर झालेल्या तडजोडीने.

दाबाची कथाही अशीच आहे. अमेरिकेत प्रथम जे कोळशाच्या तंतूचे दिवे घरोघरी लागले ते सुमारे ११० व्होल्टचे. बर्लिनच्या वीज कंपनीने एकोणिसावे शतक संपता संपता दाब दुप्पट करून २२० केला. दाब दुप्पट केला की तेवढ्याच कामास प्रवाह निम्मा पुरतो, आणि तारेतील नासाडी चौथाईवर येते. तांब्याची जी बचत झाली तीतून ग्राहकांची उपकरणे बदलण्याचा खर्च भागविता आला. अमेरिकेत तोवर इतके दिवे लागून गेले होते की मागे फिरणे महाग पडले. पुढे युरोपचे वळण ब्रिटनमार्गे आपल्याकडे आले. ज्याने उशिरा सुरुवात केली त्याला निवड करता आली. ज्याने आधी केली तो आपल्याच आरंभात अडकला.

जपानची तऱ्हा तर आणखी विलक्षण. १८९५ साली टोकियोने जर्मनीची ५० सायकलची यंत्रे घेतली आणि १८९७ साली ओसाकाने अमेरिकेची ६० सायकलची. त्या दोन खरेदीपत्रांनी देशाचे जे दोन भाग केले ते आजही तसेच आहेत. २०११ च्या भूकंपानंतर पूर्व भागात विजेचा दुष्काळ पडला, तेव्हा पश्चिमेकडे वीज असूनही ती पुरेशी पाठविता आली नाही, कारण आवर्तने बदलून देणारी केंद्रे थोड्याच क्षमतेची होती. कारकुनी सहीने घडलेली एखादी गोष्ट शतकभर कशी टिकते, याचे याहून मोठे उदाहरण माझ्या नजरेत नाही.

मागे फिरणे अशक्य नसते, पण ते स्वस्तही नसते. कॅनडातील ओंटारिओ प्रांत नायगाऱ्याच्या २५ सायकलवर वाढला होता. तेथे १९४९ ते १९५९ या दशकात घराघरांत फिरून लक्षावधी उपकरणे बदलून अथवा दुरुस्त करून देण्यात आली. म्हैसूर राज्यात १९४८ साली जोगच्या धबधब्यावर ५० सायकलचे वीजघर सुरू झाले आणि हळूहळू जुन्या २५ सायकलचा जमाना मावळला. याच शहरात १९३५ साली महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरी छोटे नभोवाणी केंद्र चालू केले. 'आकाशवाणी' हे नाव येथूनच देशभर झाले. त्या काळच्या विलायती रेडिओच्या पाठीवर दाब व आवर्तने दोन्ही छापलेली असत, आणि २५ सायकलसाठी रोहित्राचा लोखंडी गाभा अधिक भरघोस लागे. आम्ही आज जी चूक केली ती त्या पिढीला परवडण्यासारखी नव्हती.

गाभ्याचा हा मुद्दा आजही उपयोगी आहे. बदलीवर असलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी परदेशांतून आप्तांनी आणलेली यंत्रे असतात, म्हणून चार शब्द लिहितो. यंत्राच्या पाठीवर '१०० ते २४० व्होल्ट, ५०/६०' असे असेल तर पिना बदलणे पुरे. काही प्रवर्धकांच्या मागे दाब निवडण्याची खिटी असते. ती २३० वर आहे ना, हे जोडण्यापूर्वी पाहावे. नुसते '१२० व्होल्ट' असेल तर २३० चे ११० करणारे रोहित्रच हवे. केस वाळविण्याच्या यंत्रासाठी मिळणारी हलकी, प्रवासी साधने संगीताच्या यंत्रास जोडू नयेत. ती विजेची लहर तोडून देतात. ६० सायकलचे यंत्र ५० वर चालविले की गाभ्यावरील भार वाढतो. तो भार दाबाला आवर्तनांनी भागून कळतो: १२० भागिले ६० म्हणजे २, आणि ११० भागिले ५० म्हणजे २.२. म्हणजे दहा टक्के वाढ. चांगले यंत्र ती सोसते, पण थोडे अधिक तापते. जपानी १०० व्होल्टच्या यंत्रास मात्र ११० चे रोहित्र जोडू नये. त्यासाठी १०० देणारेच शोधावे. हेडफोनच्या प्रवर्धकास वीज फारच थोडी लागते, तेव्हा रोहित्र लहान चालेल. पण हात राखून थोडे मोठे घेतलेले बरे.

त्या वृद्ध कारागिराने आमच्या यंत्राचे रोहित्र नव्याने गुंडाळून दिले, आणि या वेळी ते २३० व्होल्टचेच करून दिले. मजुरी देताना मी विचारले, इतकी खटपट का केली, ११० चे वेगळे रोहित्र दिले असते तरी चालले असते. तो म्हणाला, ते एखादे दिवशी विसरून तुम्ही पुन्हा थेट जोडाल. आता हे येथलेच झाले.

वडील आता संध्याकाळी हेडफोन लावून बसतात. शेजारच्या मुलांचा अभ्यास चालतो. यंत्राच्या पाठीवरचा १२० चा शिक्का तसाच आहे. त्याखाली मी कागदाची एक चिठ्ठी डकविली असून तीवर शाईने २३० लिहिले आहे. माझीही बदली कधीतरी होईल आणि हे यंत्र दुसऱ्या कोणा गावी जाईल. तेव्हा ते लावणाऱ्याने निदान पाठ वाचावी.