कमला भागवत यांचं प्रोबेशन

पहिल्या नोकरीत मला सहा महिने प्रोबेशन होतं, सगळ्यांसारखंच. कमला भागवत यांना 1933 साली ते लागलं, कारण त्या मुलगी होत्या.

मुंबईतून बीएस्सीला पहिल्या आलेल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी चक्क नकार दिला. हो, नोबेलवाले रामनच. कमलाताई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही. वर अट, की मुलांचं लक्ष विचलित करायचं नाही. मुलांना अट काहीच नाही, बरं का!

वर्षभरात रामन यांना त्यांचं काम पटलं, आणि मग संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींमध्ये सायटोक्रोम सी सापडलं. प्रबंध जेमतेम 40 पानांचा! पुढे कमला सोहोनी म्हणून मुंबईत त्यांनी नीरेवर संशोधन केलं. ते पुढच्या एपिसोडमध्ये.