वाकळ : चिंध्यांचा इतिहास

घरी गोधडी शिवणे हा अलीकडे एक छंद मानला जातो. शहरांतून त्याचे वर्ग चालतात, प्रदर्शने भरतात, तुकड्यांची रंगसंगती कशी साधावी हे शिकविले जाते. त्याला आक्षेप घेण्याचे कारण नाही. हाताला विरंगुळा हवा असतो, आणि जुन्या लुगड्याचा मऊपणा कोणत्याही नव्या रजईला येत नाही. परंतु या छंदाचा इतिहास सांगताना 'आजीची माया' एवढ्या दोन शब्दांत सगळे आटोपले जाते. कापड कोठून आले, ते कोणी टाकले आणि कोणी उचलले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आपल्या वस्तीतल्या वाकळेचा इतिहास मात्र येथूनच सुरू होतो.

वाकळ शिवण्याचे काम उन्हाळ्याचे. सुगी उरकलेली, पेरणी लांब, आणि धुतलेल्या चिंध्या वाळायला ऊन भरपूर. खाली एक जुने लुगडे अंथरायचे, त्यावर धोतरांचे, पटक्यांचे, पोरांच्या सदऱ्यांचे तुकडे थराथराने पसरायचे, वर पुन्हा त्यातल्या त्यात धड लुगडे घालायचे आणि कडेकडेने आत धावदोरा घालीत जायचे. दोरा विकत आणण्याची ऐपत नसली तर जुन्या लुगड्याचाच उसवून घ्यायचा. समोरासमोर दोघी बसल्या तर काम लवकर उठते. विरलेल्या जागी नवे ठिगळ बसे. त्यामुळे वाकळ जुनी होईल तशी जड होत जाई. एकीखाली चार-चार पोरे निजत. थंडी वाकळेने भागे की एकमेकांच्या अंगच्या उबेने, हे सांगणे कठीण.

यातले सारे तुकडे घरच्याच वापरातले असत, ही पांढरपेशी समजूत झाली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ व श्वपच यांची वस्ती गावाबाहेर ठरविली आहे, त्यांनी फुटक्या भांड्यांत जेवावे असे सांगितले आहे, आणि त्यांनी नेसावे काय तेही सांगितले आहे : मेलेल्यांची वस्त्रे. गरिबीमुळे माणूस जुनेपाने नेसतो ही एक गोष्ट. एका समूहाने प्रेतावरचेच नेसावे असा धर्मशास्त्राने नियम करावा, ही अगदी वेगळी गोष्ट आहे. हा नियम पोथीत पडून राहिला नाही. गावकीत महाराने मर्तिकाची वर्दी परगावी पोचवायची, सरणाची लाकडे वाहायची, आणि मढ्यावरचे कापड हा त्याचा 'हक्क'! हक्क हा शब्द इतका विटंबित क्वचितच झाला असेल. अंगावर घालण्याजोगे नसेल ते वाकळेच्या पोटात जाई. या वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

येथे बौद्ध परंपरेतील एका विलक्षण गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. विनयपिटकातील महावग्गात चीवरांचे स्वतंत्र प्रकरण आहे. आरंभी भिक्खू पांसुकूल, म्हणजे उकिरड्यावर, रस्त्यावर, स्मशानात पडलेल्या चिंध्या गोळा करून त्यांचे चीवर शिवीत. मगधातली बांधाबांधांनी आखलेली शेते पाहून भगवंतांनी आनंदाला विचारले की, अशी चीवरे करता येतील काय. आणि आनंदाने तुकडे जोडून तशी चीवरे शिवली. स्मशानातली वस्त्रे मनूच्या नियमातही आहेत आणि विनयातही आहेत. फरक कोठे आहे? जीवक वैद्याने उंची वस्त्र आणून, गृहस्थांनी दिलेले कापड भिक्खूंना घेऊ द्यावे अशी विनंती केली, तेव्हा बुद्धांनी ती मान्य केली. ज्याला पांसुकूल हवे त्याने ते वापरावे, ज्याला गृहस्थाचे हवे त्याने ते घ्यावे. पुढे देवदत्ताने मागणी केली की भिक्खूंनी आयुष्यभर चिंध्यांचीच चीवरे वापरावीत, असा नियमच करावा. बुद्धांनी ती नाकारली. चिंधी पांघरण्यात त्यांना दोष दिसला नाही. ती कोणावर लादणे त्यांना मान्य नव्हते. दारिद्र्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ही कथा जरूर वाचावी.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले, आणि ते बऱ्याच अंशी कपड्यांविषयी होते. लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून नेसण्याची, अस्पृश्यतेची खूण ठरलेली पद्धत सोडा. कापड फाटके असले तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या, असा त्यांचा सांगावा होता. ज्या ग्रंथाने कापड ठरवून दिले होते तो जाळल्यावर कापडाविषयी बोलणे क्रमप्राप्तच होते.

गाव सोडून मुंबईला आलेला आपला माणूस कापडाच्या ढिगातच येऊन पडला. पण तेथेही कापडाला हात लावण्याची मुभा मर्यादित होती. साचेखात्यात मजुरी अधिक. त्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण असे सांगत की, बाबीन बदलताना धोट्याच्या छिद्रातून दोरा तोंडाने ओढावा लागतो, आणि महाराच्या उष्ट्या धोट्याला बाकीचे तोंड कसे लावणार? सूत काढावे आपण, ते विणावे इतरांनी. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. सर्व जगाला कापड पुरविणाऱ्या शहरात त्या कामगाराच्या खोलीत चिंध्यांची वाकळच होती.

१९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीकडून घेतले. त्या लोकांच्या गोधड्यांचीही हकीकत आपण जाणून घ्यावी अशी आहे. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाचे खेडे आहे. तेथील रहिवासी गुलामांचे वंशज. अनेकांचे आडनाव पेटवे, आणि ते मळ्याच्या मालकाचे. शेतात झिजलेल्या विजारी, सदरे, पोती यांतून तिथल्या स्त्रिया गोधड्या शिवीत. मतदार म्हणून नाव नोंदविण्याचे धाडस केले म्हणून त्या भागातल्या कित्येक कुटुंबांना घरे गमवावी लागली. अशा काळात, १९६६ मध्ये, त्या परिसरातील स्त्रियांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढून गोधड्या विकायला सुरुवात केली. २००२ साली गीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, आणि समीक्षकांना त्यांत आधुनिक चित्रकला दिसू लागली. दिसली हे बरेच झाले. पण तिथल्या बायांना तुकडा कोणाच्या विजारीचा, हे समीक्षकांच्या आधीपासून ठाऊक होते.

आपल्याकडे ही माहिती सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी वही घेऊन त्यांच्यापुढे बसले पाहिजे. माळ्यावरची वाकळ खाली काढावी आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारावे : हा कोणाच्या अंगावरचा? हा मजुरीबद्दल मिळालेला की मागून आणलेला? हा मढ्यावरचा तर नव्हे? गिरणीतून आलेला कोणता? आणि वरच्या थराला दुकानातून पहिल्यांदा नवे कापड विकत आणले, ते कोणत्या साली, कोणाच्या पगारातून?