चार जॉयस्टिक आणि एक खेचर

'व्यापार' खेळताना एक गोष्ट हमखास होते. ज्याच्या हातात पहिल्या अर्ध्या तासात चार चांगल्या जागा आल्या तो पुढेच जात राहतो, बाकीचे नुसते भाडं भरत बसतात. मग घरातलं सगळ्यात लहान पोर रडून पट उधळतं. १९८३ साली आलेल्या एका कॉम्प्युटर गेमने या रडारडीवर चक्क कोडमध्ये इलाज करून ठेवला होता. गेमचं नाव 'म्यूल', म्हणजे खेचर!

इराटा नावाच्या ग्रहावर (अटारी उलटं वाचा) चार जण वसाहत करायला उतरतात. बारा महिने, म्हणजे बारा डाव. दर महिन्याला जमिनीचा एक तुकडा मिळवायचा, दुकानातून एक यांत्रिक खेचर घ्यायचं, त्याच्यावर शेती, वीज किंवा खाणकामाचं सामान चढवायचं आणि ओढत नेऊन जमिनीवर बसवायचं. नीट बसवलं नाही तर ते पळून जातं. वेळ उरला तर डोंगरात वंपस नावाचा प्राणी पकडायचा. सगळाच येडेपणा.

खरी मजा महिनाअखेरच्या लिलावात. इथे पाळीपाळीने नाही, चौघं एकदम. विकणारे पडद्यावर वरच्या बाजूला, घेणारे खाली. जॉयस्टिक ढकलली की आपला भाव सरकतो; दोघं एकमेकांना भिडले की सौदा पक्का. अन्न कमी पडलं तर पुढच्या डावात वेळ कमी मिळतो, वीज कमी पडली तर खेचरं काम करत नाहीत. त्यामुळे 'दे ना रे दोन पोती' अशी गयावया करायला शेजारी बसलेला खराखुरा माणूस लागतो. शेजाऱ्याला उपाशी मारून आपण जिंकूही, पण शेवटी गेम सगळ्या वसाहतीची एकूण कमाईही मोजतो आणि ती कमी भरली तर चौघांनाही सुनावतो.

आता तो इलाज. दर डावात अचानक काहीतरी घडतं: तुमच्या खेचराने टॅप डान्सची स्पर्धा जिंकली, वगैरे. पण सगळ्यात मागे असलेल्यावर कधीच संकट येत नाही आणि पहिल्या नंबरवाल्याला लॉटरी लागत नाही. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर जमीन मागच्याला. फ्लॅपर जातीचा प्राणी निवडला तर सुरुवातीला १६०० डॉलर, माणूस निवडला तर फक्त ६००. म्हणजे पोराला फ्लॅपर करा आणि बाबांना माणूस! एखादा म्हणेल ही लबाडी आहे. मला तर हे त्या काळातलं सगळ्यात शहाणं 'इफ-एल्स' वाटतं.

हे डोकं डॅनी बंटन बेरी यांचं. (तेव्हा खोक्यावर नाव डॅन बंटन होतं. १९९२ मध्ये लिंगबदल केल्यावर त्या डॅनी झाल्या.) अमेरिकेत आर्कान्सामधल्या लिटल रॉक इथे त्यांची ओझार्क सॉफ्टस्केप ही चार जणांची चिमुकली टीम होती, त्यात एक सख्खा भाऊ. माणसांना एका मशीनसमोर एकत्र बसवायचं, हा त्यांचा जुना ध्यास. १९७८ मधल्या 'व्हीलर डीलर्स'साठी त्यांनी अ‍ॅपल टू ला जोडायचं वेगळं हार्डवेअरच दिलं होतं. जेमतेम ५० प्रती खपल्या. पुढे अटारी ८०० आला, त्याला जन्मतःच चार जॉयस्टिकची भोकं होती. 'म्यूल' लिहिला गेला तो त्यासाठीच.

आणि ज्या वर्षी 'म्यूल' आला त्याच वर्षी अटारीने नवी मॉडेलं काढली, दोन भोकांची! खर्च वाचला असेल, पण दोन खुर्च्या गेल्या. प्रती साधारण ३०,००० खपल्या, चोरून कॉपी झालेल्या वेगळ्याच. १९८४ चा त्यांचा 'सेव्हन सिटीज ऑफ गोल्ड' एकट्याने खेळायचा होता, तो मात्र दणकून चालला. नव्वदच्या दशकात सेगासाठी 'म्यूल' पुन्हा करायचं ठरलं, तेव्हा प्रकाशकाला त्यात बंदुका आणि बॉम्ब हवे होते. डॅनी नाही म्हणाल्या आणि तो प्रकल्प तिथेच थांबला.

१९९८ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने त्या गेल्या. २००० साली आलेला 'द सिम्स' विल राइटने त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. तोच 'सिम्स', जो आपण सगळे एकेकटे बसून खेळलो.