संगणकाला आलेली हाक

पेढीवरील मुनीम लांबलचक रकान्याची बेरीज करीत बसला आहे आणि मध्येच गिऱ्हाइकाने त्याला हाक मारली आहे. अशा वेळी तो काय करतो? ज्या ओळीपर्यंत बेरीज झाली तेथे खूण करतो, हातचा किती होता ते टिपून ठेवतो, गिऱ्हाइकाचे काम उरकतो आणि खुणेपासून पुढे बेरीज सुरू करतो. हातचा टिपावयाचा राहिला, तर बेरीज चुकते. शिवाय ती चूक मागाहून शोधणेही कठीण, कारण पुन्हा बेरीज करावयास बसले तर गिऱ्हाईक काही नेमक्या त्याच ओळीवर हाक मारीत नाही!

आरंभीच्या संगणकांना अशी हाक ऐकूच येत नसे. टंकयंत्राकडे एक अक्षर धाडावे आणि ते उमटेपर्यंत ‘झाले का?’ असे विचारीत तिष्ठत राहावे, हा त्यांचा शिरस्ता. आकडेमोडीच्या मानाने टंकयंत्र अतिशय मंद. त्यामुळे महागड्या यंत्राचा कितीतरी वेळ वाट पाहण्यातच जाई. यावर उपाय असा निघाला, की यंत्राने आपले गणित करीत राहावे आणि काम संपताच उपकरणानेच त्याला हाक द्यावी. या हाकेला इंग्रजीत इंटरप्ट म्हणतात. मराठीत व्यत्यय म्हणावयास हरकत नाही. 1954 साली अमेरिकेत सैन्यासाठी तयार झालेल्या डिसिॲक या यंत्रात अशी सोय होती. हे यंत्र मालमोटारीतून हलविता यावे अशा बेताने बांधलेले होते.

परंतु या सोयीतील धोका ज्याने मुळापासून ओळखला, तो माणूस हॉलंडमधला. ॲम्स्टरडॅम येथील गणितकेंद्रात ब्राम लूपस्ट्रा व कारेल स्कोल्टेन हे यंत्रे घडवीत आणि एड्सगर डायक्स्ट्रा हा तरुण त्या यंत्रांसाठी कार्यक्रम लिही. 1957 साली विवाहाच्या नोंदीत त्याने आपला व्यवसाय ‘प्रोग्रॅमर’ असा लिहिला, तेव्हा असा व्यवसायच अस्तित्वात नाही म्हणून नगरपालिकेने तो नाकारला होता. यंत्र अजून बांधले जात असतानाच त्यासाठी कार्यक्रम लिहावयाचे, अशी या मंडळींची रीत होती. अर्थात लिहिलेले पडताळून पाहावयास यंत्रच हाताशी नसे. कागदावरील विचार हाच काय तो आधार.

पुढील यंत्र इलेक्ट्रोलॉजिका एक्स-1 हे होते. त्यात व्यत्ययाची सोय करावी असे लूपस्ट्रा आणि स्कोल्टेन यांनी सुचविले, तेव्हा डायक्स्ट्राला धडकीच भरली. तोवर यंत्राचा एक मोठा गुण असा, की तेच गणित पुन्हा घातले तर तेच घडणार. म्हणून चूक पुन्हा घडवून आणता येई आणि पकडता येई. आता उपकरणे कोणत्या क्षणी हाक देतील याचा नेम नाही. एकदा घडलेली चूक पुन्हा कधी दिसणारही नाही. मित्रांनी त्याची पुष्कळ मनधरणी केल्यावर तो विचार करावयास तयार झाला. त्याला मुनिमाचाच प्रश्न सोडवावयाचा होता : यंत्राची स्थिती टिपून ठेवली आणि नंतर पूर्ववत केली, तर मूळ गणित जणू काही घडलेच नाही असे पुढे चालेल, हे सिद्ध करता येईल काय? त्याने सिद्ध केले ते उलटच. मित्रांच्या योजनेत तसे होणे शक्यच नव्हते! योजना बदलावी लागली.

ज्या प्रसंगी ती मूळ योजना फसली असती, ते प्रसंग अतिशय विरळा होते. कोणी व्यवहारी मनुष्य म्हणाला असता, की इतक्या क्वचित घडणाऱ्या गोष्टीची चिंता कशाला? पण हजारदा बरोबर चाललेले यंत्र एक हजार एकाव्या वेळी चुकले, तर त्या हजार चाचण्यांचा उपयोग तो काय? येथे प्रयोगापेक्षा युक्तिवादावरच विसंबले पाहिजे, ही डायक्स्ट्राची धारणा या प्रकरणाने पक्की झाली. एक्स-1 च्या या कामावर त्याने 1959 साली प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली. इतरांच्या बाजारात येणाऱ्या नव्या यंत्रांत मात्र त्याला पुढे कित्येक वर्षे असलेच दोष आढळत राहिले.

आइंडहोवन येथे त्याने सहकाऱ्यांसह रचलेल्या कार्यप्रणालीचे वर्णन 1968 साली प्रसिद्ध झाले. तीत सर्वांत खालच्या थराने या हाका झेलावयाच्या. वरच्या थरांनी त्या हाकांचे भान न ठेवता आपापली कामे करावीत, अशी योजना होती. कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हे काम आजही खालच्या पातळीवरच चालते. लिनक्समध्ये तर त्याचे दोन भाग पाडलेले असतात. हाक येताच अगदी निकडीचे तेवढे उरकावयाचे, बाकीचे सवडीने.

मात्र हाकांचीच गर्दी झाली तर? 1996 साली जेफ्री मोगुल आणि के. के. रामकृष्णन यांनी या पेचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जाळ्यावरून संदेश अतोनात वेगाने येऊ लागले, की कर्नल प्रत्येक हाकेला ‘ओ’ देण्यातच गुंतून पडतो आणि आलेला एकही संदेश पुढे जात नाही. मुनीम दिवसभर गिऱ्हाइकांना नुसते ‘या, बसा’ म्हणत राहिला, तर माल विकला कसा जाणार? त्यांचा उपाय असा, की पहिली हाक आली की पुढच्या हाका काही काळ बंद ठेवाव्यात आणि कर्नलने स्वतःच, ठराविक मर्यादेत, संदेश आले आहेत काय ते विचारीत राहावे. पुढे लिनक्सनेही याच धर्तीची योजना स्वीकारली. कामाची गर्दी उसळली, की आजचा संगणकही आपल्या पूर्वजांप्रमाणे ‘आले का?’ असे विचारावयास लागतो. ओसरली, की पुन्हा हाकेची वाट पाहतो.